बोक्याची एकादशी

आमचा बोका एकादशी करतो, असं माझ्या सासऱ्यांनी निम्म्या तंजावूरला सांगून ठेवलं होतं. देवळात सांगितलं, राजवाड्यामागच्या गल्लीत आमची जी चार-पाच मराठी घरं उरली आहेत तिथे सांगितलं, दूधवाल्यालाही तमिळमध्ये सांगितलं. "दशमीला जेवतो तो एकदम द्वादशीला पारण्यालाच. मधे दुधालासुद्धा तोंड लावत नाही." ऐकणारे हात जोडायचे, मागच्या जन्मीचं पुण्य म्हणायचे. मी स्वयंपाकघरात गप्प बसायची, आणि गप्प बसणं मला सहसा जमत नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई मी. चूक दिसली की जीभ शिवशिवते.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. एकादशीला आमच्याकडे भात शिजत नाही. मामंजी ब्याऐंशी वर्षांचे, तरी पाण्याचा थेंब घेत नाहीत. मी रव्याच्या उपम्यावर दिवस काढते आणि त्यालाच उपास म्हणते. बोक्याला रोजचा दहीभात मिळत नाही, बशीत दूध मिळतं. ते तो हुंगायचा, मागल्या भिंतीवर उडी घ्यायचा आणि पलीकडच्या अक्कांकडे जायचा. अक्कांच्या घरी रोज मासा. एकादशीला त्याच्यासाठी माशाची डोकी बाजूला ठेवा, असं अक्कांना मीच सांगितलं होतं. पोट भरून यायचा, मिशा पुसायचा आणि मामंजींच्या मांडीवर डोळे मिटून बसायचा. मामंजी म्हणायचे, "ध्यान लागलं बघ." दोन वर्षं हे असंच चाललं.

सांगून टाकावं असं कितीदा वाटलं. पण सासूबाई गेल्यावर मामंजी दिवसाला चार वाक्यंसुद्धा बोलत नव्हते. माझे यजमान चेन्नैला नोकरीला, महिन्यातून दोनदा येणार. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही भिंतीकडे बघत. मग कुठूनसा हा पिवळा बोका आला आणि मामंजी परत बोलायला लागले. माझ्याशी नव्हे, त्याच्याशी. चालेल म्हटलं, आवाज तर आला घरात. त्या माणसाची बोक्याबद्दलची एक फुशारकी मोडून मला काय मिळणार होतं?

त्या एकादशीला सकाळी बोक्याने दुधाकडे पाठ फिरवली. मामंजी खूश. मीही निवांत, म्हटलं आता जाईल भिंतीपलीकडे. मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडाजवळ त्याच्यासाठी वाळूचं घमेलं ठेवलेलं असतं. तिथे तो गेला, उकरलं, बसला, उठला, दुसऱ्या बाजूला उकरलं, परत बसला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुपारपर्यंत पाच-सहा वेळा मी बघितलं. बसल्यावर घशातून बारीक आवाज काढत होता. मधेच पाय वर करून चाटत सुटायचा.

"ह्याला काय होतंय?" मी म्हटलं.

"काय व्हायचंय? पोटात काही नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मामंजी म्हणाले.

मी मनात हसले. मधल्या वेळात तो अक्कांकडे जाऊन आलाच असणार, आड भरलेला आहे हे मला माहीत होतं ना. माझं निदान वेगळं, काटा गिळला असेल, पोट साफ होत नसेल. उद्या पारणं झाल्यावर चमचाभर एरंडेल घालू, इथल्या सगळ्या घरांत तेच घालतात. संध्याकाळी तो मांडीवर आला नाही. पलंगाखाली गार फरशीवर जाऊन पडला. मामंजी म्हणाले उपासाने थकला, मी म्हटलं माशाने सुस्तावला. दोघंही शहाणे. खाली वाकून त्याच्याकडे नीट बघायचं मात्र एकालाही सुचलं नाही.

द्वादशीला सूर्य उगवला की पारणं. पहाटेपासून माझी धांदल असते, अगत्तीच्या म्हणजे हादग्याच्या पाल्याची भाजी, आवळ्याची पचडी, वरण, भात. भाजीचं पातेलं विसळायला मी मागे गेले तर भिंतीवरून अक्कांचं डोकं वर आलं.

"काल तुमचा आला नाही की," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "दिवसभर वाट बघितली. शेवटी डोकी कावळ्यांना घातली."

म्हणजे खरोखरच उपाशी! परवा रात्रीपासून. मी घमेल्याजवळ गेले आणि वाळूत हात घातला. उकरून उकरून डोंगर केलेले, आणि सगळी वाळू कोरडी. एक खडासुद्धा ओला नव्हता.

पलंगाखालून त्याला ओढला. तिथे पिवळट पाणी ओकून ठेवलं होतं. पोटाखाली हात लावला तर मागच्या बाजूला लिंबाएवढं काहीतरी टणक लागलं आणि तो असा ओरडला की मी हात झटकन मागे घेतला. हा बोका कधी ओरडत नाही. शेपटीवर पाय पडला तरी नुसता बघतो.

मामंजी पानावर बसले होते. आचमनाचं पाणी हातात. मी दारातूनच म्हटलं, "मामंजी, बोक्याचं काही खरं नाही. मी त्याला घेऊन जाते. तुम्ही पारणं करून घ्या, वेळ टळेल."

त्यांनी पाणी ताटलीत सोडलं आणि उठले. मी कितीतरी म्हटलं, कालपासून तुमच्या पोटात पाणी नाही, चक्कर येईल. ते सदरा घालत म्हणाले, "तो कालपासून तसाच आहे नं? मग? चल."

त्या माणसाने एकही पारणं चुकवलेलं मी लग्न होऊन आल्यापासून बघितलं नाही. तापात नाही, घरातल्या लग्नात नाही.

गावातला प्राण्यांचा डॉक्टर संध्याकाळी बसतो. मी रिक्षावाल्याला म्हटलं, ओरत्तनाडूला चल, तिथे जनावरांचं मोठं इस्पितळ आहे. कपड्यांच्या झाकणवाल्या बास्केटमध्ये बोक्याला ठेवला, वरून मामंजींचं उपरणं बांधलं. वाटेत दोन्हीकडे भातशेती, कालव्याचं पाणी, बगळे. मला एरवी हा रस्ता फार आवडतो. त्या दिवशी प्रत्येक गतिरोधकाला मी रिक्षावाल्याला शिव्या घातल्या. बास्केटमधून आवाज येईना झाला होता. ओरडत होता तेव्हा बरं होतं, असं वाटायला लागलं. मामंजींनी एक बोट बास्केटच्या भोकातून आत घातलं होतं आणि ते शेवटपर्यंत तसंच ठेवलं.

तिथे गायी, शेळ्या, एक लंगडणारा बैल, आणि त्यांच्यात आम्ही. डॉक्टरीण माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिने पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला.

"शेवटची लघवी कधी झाली?"

मी मामंजींकडे बघितलं, मामंजींनी माझ्याकडे. तो कुठे झोपतो, कुणाच्या पायाला अंग घासतो, कोणत्या बशीत खात नाही, सगळं आम्हाला पाठ. हे मात्र माहीत नाही.

"मूत्राशय तुडुंब भरलंय," ती म्हणाली. "खडे अडकलेत. बोक्यांची वाट फार अरुंद असते. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर विष रक्तात जाऊन हृदय बंद पडलं असतं."

मी एरंडेलाचं बोलून गेले. तिने माझ्याकडे असं बघितलं की तसं मी शाळेतही कुणाकडे बघितलं नसेल. मग विचारलं, "शेवटचं काय खाल्लं?"

"काल एकादशी होती," मामंजी म्हणाले. "तो एकादशी करतो."

"आजोबा, मांजर उपास करत नाही," ती हळूच म्हणाली, ते वयस्कर आहेत म्हणून असेल. "मांजराने दिवसभर अन्न सोडलं म्हणजे ते आजारी आहे. आणि बोका सारखा वाळूत बसतोय, वाळू कोरडी आहे, म्हणजे त्या मिनिटाला उचलून आणायचा. बाकी काही विचार करायचा नाही. रोज काय काय खातो, खरं सांगा."

आता काय झाकणार? मी सांगितलं. दहीभात, दूध, आणि एकादशीला शेजारी मासा, काल मात्र तो तिकडेही गेला नव्हता हे आज अक्कांकडून कळलं. किती दिवस? दोन वर्षं. मी हे सगळं टेबलाकडे बघत म्हटलं. चोरी पकडलेल्या मुलीसारखे माझे कान तापले होते.

मामंजींनी बोक्याच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग डॉक्टरणीला म्हणाले, "मासा चालेल नं त्याला ह्यापुढे?"

चालेल, ती म्हणाली, वाफवून, भरपूर पाणी घालून.

बाहेर बाकावर बसल्यावर ते मला म्हणाले, "बरं केलंस. मासा नसता तर आज मी त्याला पुण्यवान म्हणत बसलो असतो, आणि तो गेला असता." मला रडूच आलं. मी फाटकाबाहेरच्या टपरीवरून केळी आणि सोडा आणला. त्यांनी ना मंत्र म्हटला ना वेळ बघितली, केळं सोलून खाल्लं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचं पारणं गुरांच्या दवाखान्यात, बैलाच्या शेजारी झालं.

तासाभराने ती बाहेर आली. नळी घातली होती, लालसर लघवी निघाली होती, मूत्राशय रिकामं झालं होतं. दोन दिवस तिथेच ठेवायला लागेल म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी काढून तो आमच्या हातात देताना ती म्हणाली, "आता ह्याने स्वतःहून करायला पाहिजे. झाली की फोन करा, किती झाली तेही सांगा. थेंब-थेंब नको, नीट व्हायला हवी. संध्याकाळपर्यंत नाही झाली तर परत घेऊन या. पुन्हा अडकली तर मोठं ऑपरेशन, आणि ह्याच्यात आता तेवढी ताकद नाही."

घरी आलो. चार घमेली मांडली, नवी वाळू घातली. बोका हडकलेला, एका पायावरचे केस भादरलेले. तो घमेल्यात गेला, बसला, उठला. काही नाही. पुन्हा गेला. काही नाही. मी त्याच्या मागोमाग वाकून फिरत होते. डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं.

मामंजींची पूजा राहिली होती. त्यांनी अंघोळ केली, सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसला आणि देवघरात बसले. मुकट्यात असताना त्यांना मीसुद्धा शिवत नाही, ताट लांबून सरकवते. बोका तर देवघराच्या उंबऱ्याआतही चालत नाही. त्या दिवशी दार लावायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मी स्वयंपाकघरात त्याचं मासळीचं पाणी करत होते, म्हणजे अक्कांनी वाफवून दिलेलं गाळत होते. घंटा वाजत होती ती मधेच थांबली.

"अगं, इकडे ये," देवघरातून आवाज आला. अगदी हळू. "पळत येऊ नको. सावकाश ये."

मी दारात गेले. मामंजी पाटावर ताठ बसलेले, घंटा हवेत धरलेली. मांडीवर बोका. मुकट्याचं रेशीम गडद होत चाललं होतं, डाग गुडघ्यापर्यंत पसरला, पाटावरून खाली फरशीवर आला. बोक्याचे डोळे मिटलेले. मी पुढे व्हायला लागले तर मामंजींनी डोळ्यांनीच थांबवलं.

"हलू नको. होऊ दे पुरती."

आम्ही दोघंही श्वास रोखून तो आवाज ऐकत राहिलो. किती वेळ चाललं ते! मला हसू येत होतं आणि पाणी गालांवरून खाली येत होतं. शेवटी बोका उठला, मुकट्यालाच पाय पुसून चालता झाला. मामंजी तसेच भिजलेले बसून होते.

"डॉक्टरणीला फोन कर," ते म्हणाले. "किती झाली विचारेल. सांग तिला, मांडीभर."