छायाताईंनी आधी "नाही" म्हटलं

पांढुर्ण्याच्या एका लहानशा दवाखान्यात आम्ही पाच जण चुंबकाचा उपचार शिकत होतो. डोक्यावर कॉइल धरून मेंदूला ठोके द्यायचे, म्हणजे औषधाने न हटणारी उदासी हटते. शिकवायला छायाताई. त्या नर्स, पण आमच्यातले डॉक्टरही त्यांच्यापुढे मुकाट्याने बसायचे.

"मशीन कोणीबी चालवते," त्या म्हणायच्या. "इचारायचं कसं, ते शिका."

फिट येतात का, हे विचारण्याआधी घरच्यांना बाहेर काढायचं, हा त्यांचा नियम. फिट येणाऱ्याला या ठोक्यांनी तिथेच फिट येऊ शकते. नातेवाईक कितीही रुसोत. हा नियम उर्वशीमुळे झाला. ती सौसरची नवी सून. ताईंनी तिला सासूसमोर विचारलं, तिने सासूकडे बघून "नाही" म्हटलं. आमच्याकडे मिरगी लपवूनच पोरी उजवतात, हे ताईंना काय ठाऊक नव्हतं? तरी त्यांनी लिहून घेतलं. चौथ्या मिनिटाला पोरगी खुर्चीतच आकडली. जीव वाचला, पण सासरच्यांनी तिला माहेरी नेऊन टाकलं ते कायमचंच.

"खुर्ची रिकामी असली तरी मले तिची वाकडी मान दिसून राहते," ताई एकदा मला म्हणाल्या. त्यानंतर त्या खुर्चीकडे बघायची मलाही भीती वाटू लागली.

शेवटच्या दिवशी आम्ही एकमेकांवर सराव केला. कुलदीप डॉक्टर जोडीविना उरले, म्हणून ताईंना बसावं लागलं. एरवी त्या काहीतरी निमित्त काढून टाळायच्या. तेवढ्यात त्यांचे यजमान मोरेश्वरभाऊ डबा घेऊन आले आणि दारात उभे राहिले. घरचाच माणूस म्हणून कुलदीपने त्यांना राहू दिलं. शहाणाच!

"फिट येतात का?"

ताईंनी दाराकडे पाहिलं. "नाही."

कुलदीपने फॉर्मवर "नाही"पुढे खूण केली आणि कॉइल उचलली. ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता ही बाई गप्पच राहणार.

"थांब," त्या ओरडल्या. "खोड ते "नाही". येते मले फिट. सातवीत होती तवापासून. आईनं सांगू देलं नाही."

मोरेश्वरभाऊ दारातूनच बोलले.

"लग्नाला अठरा वर्षं झाली, छाया."

एवढंच बोलून ते डबा घेऊन तसेच परत गेले.

ताई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"पुढचा प्रश्न इचार," त्या कुलदीपला म्हणाल्या.