ढिगावरचा दगड

बार्बाच्या हातचा मार न खाल्लेला पुरुष फ्रान्समधल्या ब्रेतान्यच्या त्या किनाऱ्यावर शोधूनच काढावा लागला असता. तिचा नवरा समुद्रात बुडाला तेव्हा सांत्वनाला आलेल्या दिराने शेतावर हक्क सांगितला. बार्बाने त्याचे पुढचे दात पाडले आणि शेत स्वतः कसायला घेतलं. शेत कसलं, वाळूच ती! वादळाने किनाऱ्यावर टाकलेलं शेवाळ खत म्हणून पडलं, तरच तिथे बटाटा धरायचा. त्या शेवाळासाठी दर वादळानंतर डोकी फुटायची. एक गोष्ट मात्र सगळे पाळत. ज्याने ढीग रचून वर दगड ठेवला, ढीग त्याचा. मग त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

त्या वसंतात छातीभर पाण्यात उभं राहून बार्बाने दंताळ्याने शेवाळ ओढलं, ढीग रचला, वर काळा दगड ठेवला आणि ती गाडी आणायला गेली.

खानावळीत पॅरिसचे एक चित्रकार उतरले होते, लाकूर नावाचे. जुनी देवळं आणि समुद्र बघायला आलेले. त्यांना तो ढीग फार आवडला. दगड तेवढा नजरेत खुपला, म्हणून त्यांनी तो उचलून वाळूत भिरकावला, चित्र रंगवलं आणि जेवायला गेले. या लोकांना सगळंच सुंदर दिसतं, फक्त ते कुणाचं आहे हे दिसत नाही.

मग शेजारचा गुल्वेन गाडी घेऊन आला. ढिगावर दगड नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, हाका मारल्या आणि शेवाळ भरायला घेतलं.

"चोरा! माझ्या ढिगाला हात लावतोस?" बार्बा दंताळं घेऊन धावत आली.

"दगड कुठाय, दाखव की बये! घसा फुटेस्तोवर हाका मारल्या मी!"

"तूच फेकलास, मेल्या!"

"संत आनेची शपथ, बार्बा, मी..."

शपथ पुरी झालीच नाही. दांडा डोक्यावर येताना त्याने हात आडवा धरला आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्या किनाऱ्याने ऐकला. तो पडल्यावरही ती त्याच हाताच्या कोपरावर मारत राहिली. चौघांनी ओढली तेव्हा कुठे थांबली.

गलका ऐकून लाकूर आले. "तो काळा दगड ना? मीच काढला, बाई. चित्र बिघडत होतं," ते हसून म्हणाले.

बार्बाने त्यांचं नाक फोडलं, चित्र गुडघ्यावर मोडलं. कुणी अडवलं नाही. पण तेवढ्याने गुल्वेनचा हात काही जुळून आला नाही. हाडं बसवणारा म्हणाला, कोपर गेलं. आणि भल्या माणसाला ती सगळ्यांदेखत चोर म्हणाली होती. बार्बाला याचीच जास्त लाज वाटत होती.

संध्याकाळी तिने तो सगळा ढीग स्वतःच्या गाडीत भरून गुल्वेनच्या दारात नेला. त्याची बायको तोरीना बाहेर आली.

"खत आणलंस होय? आणि नांगर कोण धरणार, तुझा तो चित्रवाला?"

तोरीनाने तिच्या थोबाडीत दिली. मग आणखी एक, मग पायातला लाकडी बूट काढून. बार्बाचा ओठ फाटला. तिने हात वर केला नाही.

"उद्या पहाटे घोडा जुंपून ठेव," ती रक्त पुसत म्हणाली. "नांगर मी धरते."

"पाऊल टाकून तर बघ! कुत्रं सोडीन अंगावर!"

पहाटे बार्बा गेली. तोरीनाने खरंच कुत्रं सोडलं. पिंढरीत दात रुतले तरी बार्बाने नांगराची मूठ सोडली नाही.