आमचा फाल्गुन लागायच्या आधी

मासे धरायला कोणत्या दिवशी जायचं, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा कुणाच्या लग्नाच्या मुहूर्तावरही झाला नसेल. आणि हा खल करायचं कोण? माझी धाकटी जाऊ. गळ टाकायचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. पण दिवस ठरवायची ती.

तिचं माहेर ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याकडचं, सिंध नदीच्या काठचं. तिचे वडील मासे धरायचे, त्यामुळे तिला लहानपणापासून ते सगळं येत होतं. ती सांगायची, पावसाळ्यात मासा पोटुशी असतो, त्याच्या वाटेला जायचं नाही, तेव्हा सरकारची बंदी असते आणि नसती तरी जायचं नाही. दिवाळी झाली की पाणी निवळतं, तेव्हा जा. पौष-माघात पाणी गार पडतं, मासा तळाशी गपचूप बसतो, तेव्हा घरी बसा. होळीनंतर पुन्हा जा. पूर्वेचा वारा, ज्याला इथे पुरवाई म्हणतात, तो सुटला की मासा तोंड मिटून घेतो. आणि चंद्राचं म्हणाल तर पौर्णिमेला रात्रभर उजेड, मासा रात्रीच खाऊन घेतो, मग दिवसा तुमच्या गळाला कशाला लागेल? म्हणून जायचं ते वद्य पक्षात, अमावास्येला टेकून. त्यातून एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार वगळायचे, कारण त्या दिवशी आमच्याकडे मासा शिजत नाही. एवढं सगळं चाळून जो एखादा दिवस उरेल त्याच्या आदल्या संध्याकाळी ती भाऊजींना सांगायची, "उद्या जा." आणि भाऊजी आपले निमूटपणे काठी, रीळ, डबा घेऊन निघायचे.

गेल्या श्रावणात ती गेली. ताप आला काय, दवाखान्यात नेलं काय, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. आम्ही एकाच घरात राहतो, ग्वाल्हेरला फूलबागेच्या अंगाला, मी वर आणि ते खाली. त्यांची मुलं बाहेरगावी आहेत. तेराव्यानंतर मुलं परत गेली आणि भाऊजी खालच्या खोलीत खुर्चीवर बसले ते बसलेच. जेवायला वर यायचे, पानातलं खायचे, "बरं झालंय," म्हणायचे आणि खाली जायचे. खालचं स्वयंपाकघर बंदच. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, जरा फूलबागेत फेरी मारून या," तर म्हणाले, "हो, जाईन." गेले नाहीत. दाढीसुद्धा मी आठवण केली तर करायचे. माणूस असा हळूहळू खुर्चीचा होऊन जातो, मी पाहिलंय, आमच्या नात्यातच पाहिलंय. हा माणूस पुन्हा घराबाहेर पडतो की नाही, एवढी एकच चिंता मला त्या हिवाळ्यात होती. देवापुढेसुद्धा मी दुसरं काही मागत नव्हते.

मग मी ठरवलं, तिला जमायचं ते आपणही करून बघू. दिवाळी झाल्यावर म्हटलं, "भाऊजी, तिघऱ्याच्या धरणावर जाऊन या. पाणी निवळलं असेल."

म्हणाले, "चंद्र वाढता आहे, वहिनी."

बरं. चंद्र उतरणीला लागला तेव्हा पुन्हा म्हटलं. त्यांनी मोबाईलवर हवा बघितली. "पुरवाई आहे."

पुरवाई थांबली तर एकादशी. एकादशी झाली तर धुकं. धुकं गेलं तर म्हणे आता पाणी गार पडलं. म्हणजे बघा, ज्या विद्येनं ती त्यांना घराबाहेर काढायची, तीच विद्या हे घरात बसायला वापरत होते. आणि बोलणं इतकं बरोबर, की मला तोंडात मारल्यासारखं गप्प बसावं लागायचं.

वसंत पंचमी झाल्यावर मी पिच्छाच पुरवला. "तुम्हीच सांगा मग. तुमच्या तोंडानं सांगा, कधी?"

शेवटी म्हणाले, "फाल्गुन वद्यात बघू. अमावास्येच्या जरा आधी."

म्हणजे होळी होऊन गेल्यावर, पाडव्याच्या तोंडावर. दीड-दोन महिने लांब. मला कळत होतं की हे नुसतं पुढे ढकलणं आहे, पण शब्द तरी मिळाला. मी लगेच त्यांच्या जोडीदाराला फोन लावला. हे त्यांचे जुने मासेमित्र, रेल्वेतून निवृत्त झालेले, स्टेशनकडच्या पडाव भागात राहतात. हिंदी बोलणारे आहेत, आम्ही सगळे त्यांना भाईसाहब म्हणतो. मी सांगितलं, "भाईसाहब, मान गए हैं. फागुन बदी में, अमावस से थोड़ा पहले."

"अरे वाह भाभी! गाड़ी मेरी. आप बस उनको तैयार रखिए."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ग्वाल्हेरच्या मराठी घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं असतात, एक आपलं आणि एक इथलं. आपला महिना अमावास्येला संपतो, यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्ष आला की हे लोक आपल्यापेक्षा एक महिना पुढे. सणवार एकाच दिवशी येतात म्हणून कुणाचं काही अडत नाही. आपण म्हणतो दिवाळी आश्विनातली, हे म्हणतात कातिकातली, दिवे एकाच रात्री लागतात. इतक्या पिढ्या इथे गेल्या, दख्खनमधून लष्कराबरोबर आलेली आमची माणसं इथलीच होऊन गेली, तरी हा एक पंधरवडा काही जुळला नाही. आणि मी जन्मभर इथे राहून फोनवर बोलताना तेवढंच नेमकं विसरले.

झालं. भाईसाहबांनी आपलं कॅलेंडर बघितलं. त्यांचा फागुन बदी म्हणजे आपला माघ वद्य. शिवरात्र तोंडावर आलेली, काल एकादशी झालेली, मी सकाळी चहा टाकतेय, तर खाली हॉर्न.

गॅलरीतून बघितलं तर भाईसाहब. डोक्याला मफलर, गाडीच्या टपावर काठ्या बांधलेल्या.

भाऊजी लेंग्यावरच दारात आले. "आज? आज कैसे?"

"फागुन बदी बारस है भैया. आप ही ने तो कहलवाया था!"

"अरे, आमचा माघ चालू आहे अजून!" भाऊजी मराठीतच ओरडले. मग हिंदीत. "हमारा फागुन तो अभी लगा ही नहीं!"

"तो मछली से पूछ लेते हैं उसका कौन सा लगा है."

गल्लीत दूधवाला होता तो हसला. मी वरून हसले. भाऊजी मात्र रडकुंडीला आल्यासारखे माझ्याकडे बघत होते. "वहिनी, एक महिना आधी आहे हो. पाणी गार असेल. काही लागायचं नाही."

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याजवळ तयार कारण नव्हतं. म्हणजे कारण होतं, पण गाडी दारात उभी होती, आणि दारातल्या माणसाला परत पाठवायची आमच्याकडे रीत नाही. मी म्हटलं, "नाही लागलं तर नाही लागलं. भाईसाहब तेल जाळून आलेत. स्वेटर घाला." आणि ते मागे फिरायच्या आत मीही शाल गुंडाळून, पराठे आणि लोणचं बांधून खाली उतरले. नाहीतर हे वाटेतून परतले असते.

तिघऱ्याच्या वाटेवर सरसोंची पिवळी फुलं संपत आली होती, शेंगा धरल्या होत्या. धरणावर पोचलो, परवान्याची पावती झाली, काठावर सतरंजी टाकली. पाण्यावरून येणारा गारठा असा, की दात वाजायचे बाकी होते. लांब पाणकावळे पंख पसरून बसले होते, तेसुद्धा गारठलेलेच.

भाईसाहब कणकेचा गोळा मळायला बसले. कणीक, सत्तू, शेंगदाण्याची पेंड, कणभर हिंग. त्यांनी पाणी जास्त घातलं. भाऊजी थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांच्याच्यानं राहवेना. "ये हलवा बना रहे हो क्या? द्या इकडे." परात ओढून घेतली. मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले, उगाच त्यांना कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटायला नको.

दोघांनी गळ टाकले. पाण्यावर मोरपिसाचं डेख, म्हणजे गळाच्या दोरीवरची तरंगती काडी, उभं राहिलं आणि तसंच राहिलं. हललंच नाही. बराच वेळ गेला. भाईसाहब पाय मोकळे करायला गेले, तेव्हा भाऊजी हळूच म्हणाले, "ती असती तर आज पाठवलं नसतं."

मी शाल ओढून घेतली.

"खरं सांगू का वहिनी? मला दिवस ठरवताच येत नाही. पुरवाई आणि चंद्र, हे मी तिचंच बोलणं बोलतो. ती म्हणायची जा, मी जायचो. ती गेल्यापासून रोज उठतो आणि कळत नाही आज काय. तिचा एकही दिवस चुकला नाही हो. एकही नाही."

आता मला बोलावंच लागलं. कारण चुकला होता की नाही ते मला ठाऊक होतं.

"भाऊजी, रागावू नका. तिला सगळं कळत होतं, वाऱ्याचं, पाण्याचं. ते खरंच. पण ती अमावास्या जी होती ना..."

"काय?"

"समोरच्या वहिनींच्या सासूबाई दर अमावास्येला कुलदैवताला गावी जायच्या. मग त्या मोकळ्या. त्या, त्यांच्या शेजारच्या, मी आणि ती, अशा आम्ही चौघी तुमच्या खालच्या खोलीत पत्त्यांचा मेंढीकोट खेळायचो. तुम्ही घरात असलात की सारखा चहा मागायचात. डाव मोडायचा."

भाऊजींनी काठी खाली ठेवली.

"म्हणजे पौर्णिमेला मासा लागत नाही हे..."

"ते तिचे वडील म्हणायचे. पण ते म्हणायचे आणि ती ऐकायची ते सोयीनं."

"आणि ती एकदा म्हणाली होती, आज वळवाचे ढग आहेत, मासा वर येईल, आत्ताच्या आत्ता निघा?"

"तेव्हा तिच्या हातात चारही दश्श्या होत्या."

आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. मग आवाज फुटला, आणि ते असे हसले की पाणकावळे उडाले. भाईसाहब धावत आले, "क्या हुआ, फँसी क्या?" भाऊजींना बोलवेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "फँसी नहीं," म्हणाले, "मैं फँसा. इतने साल!" मग रडलेही. हसता हसताच रडले. मी पदर पुढे केला, तर म्हणाले, "आणि जिंकायची का हो?"

"लबाडी करून."

"ते माहितीय मला. माझ्याशीही करायची."

थोड्या वेळानं ते उठले. काठाकाठानं चालत पलीकडे गेले, वाकून पाण्यात हात घातला, पुन्हा पुढे गेले, पुन्हा हात घातला. तिथून हाक मारली, "इकडे या! इथे उथळ आहे, सकाळपासून ऊन पडलंय. थंडीत मासा ऊबेला येईल." हे काही जावेनं कधी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. सतरंजी उचलून आम्ही तिकडे गेलो, पराठे खाल्ले, आणि ऊन डोक्यावर आल्यावर डेख एकदाचं बुडालं. रोहू होता. फार मोठा नव्हे, पण रोहू. भाऊजींनी तो भाईसाहबांच्या पिशवीत टाकला. "आप ले जाइए. हमारे यहाँ नीचे का चूल्हा बंद है."

येताना पडावाच्या चौकात गाडी अडकली. रिक्षा, हातगाड्या, स्टेशनवरून सुटलेली माणसं. भाईसाहबांनी विचारलं, "तो अगली बार? आपके वाले फागुन में?"

मी मनात म्हटलं, आता पुन्हा पाडव्याच्या गोष्टी सुरू होणार. भाऊजी खिडकीतून एका फुगेवाल्याकडे बघत होते.

"सोमवार को," ते म्हणाले.

"सोमवारी?" मला राहवेना. "अहो भाऊजी, सोमवार! शंकराचा वार. आणि चंद्र वाढता असेल."

"असू दे. भाईसाहब, सोमवार को खाली हो?"

"मैं तो रोज़ खाली हूँ."

सोमवारी माझा उपास होता. मी गेले नाही, आणि मला कुणी बोलावलंही नाही. सकाळी दार लागल्याचा आवाज आला तेवढाच. दिवसभर मी खालीवर करत होते. संध्याकाळी पायऱ्यांवर पावलं वाजली नाहीत, ते वर आलेच नाहीत. जिन्यावरून वाकून बघितलं, तर खालच्या स्वयंपाकघरात दिवा. डब्यांची आदळआपट चालली होती, आणि मासा धुतल्याचा वास जिन्यापर्यंत आलेला.

सोमवारी मासा. आमच्या घरात! सासूबाई असत्या तर जिना धुऊन काढला असता. मी देवाकडे बघून हात जोडले आणि तोंड बंद ठेवलं.

थोड्या वेळानं खालून हाक आली. "वहिनी! तिखट किती घालायचं हो?"

"किती मासा आहे?"

"एकच आहे. मोठा आहे पण."

"मग घाला की अंदाजानं," मी म्हटलं.