रुसव्यात मागितलेलं नाव

माझ्या वडिलांच्या बँड पार्टीला माझं नाव होतं. मी घरातली पहिली मुलगी. मी जन्मले त्याच वर्षी वडिलांनी दुसऱ्याच्या पार्टीत वाजवणं सोडून स्वतःची पार्टी उभी केली, म्हणून. मोठ्या ढोलावर ते नाव लाल रंगानं लिहिलेलं होतं. वरवट बकालपासून जळगाव जामोदपर्यंतच्या लग्नांत लोक ते नाव घ्यायचे आणि मला मात्र कोणी ओळखत नव्हतं. मला ते बरंच वाटायचं. वरात आमच्या दारावरून गेली तरी मी कवाडाआडून पाहायची. चौथीनंतर शाळा सुटली त्याचंही फार वाईट वाटलं नाही. वर्गात उभं राहून बोलणं माझ्याच्यानं होत नव्हतं.

वडील चाली स्वतः बांधायचे. पार्टीत क्लॅरनेट वाजवायला रोहिणखेडकडचा एक मुलगा आला. त्याला चाल एकदा ऐकली की यायची. वडिलांनी त्यालाच जावई करून घेतलं.

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसतो. ताट वाढलेलं असतं, तो हात लावत नाही. सासरा घड्याळ नाहीतर अंगठी कबूल करतो, मग तो घास घेतो. माझा नवरा रुसला तेव्हा वडिलांनी घड्याळ म्हटलं, त्यानं मान हलवली. सायकल म्हटली, तरी नाही. मग म्हणाला, "मले पार्टीचं नाव पाहिजे." सगळी पंगत हसली. वडीलही हसले. म्हणाले, "घ्या जवाईबापू, नाव तुमचं. आता जेवा, भात थंडा होऊन राह्यला."

मी शेजारी बसले होते, खाली मान घालून. त्याच संध्याकाळी सासरी तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं गेलं. जुनं नाव इथं कोणी घेत नाही.

वडील गेले. भावानं काही दिवस पार्टी चालवली. मग डीजे आले. लोकांना छाती हादरवणारा आवाज पाहिजे होता, क्लॅरनेट कोणाला ऐकू जाणार? पार्टी बंद झाली. भाऊ जळगाव जामोदच्या बाजारात भाजीचा धंदा करू लागला. नवरा कापसाच्या जिनिंगवर कामाला जाऊ लागला. क्लॅरनेटची पेटी खुंटीला टांगलेली असायची. तो ती उतरवून पुसायचा आणि परत टांगायचा.

मागच्या वर्षी त्याच्या मनानं घेतलं की वडिलांच्या चालींचा अल्बम काढायचा. जळगावला एकानं घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ केला आहे, तो स्वतः गिटार वाजवतो. नवऱ्यानं जुन्या पार्टीतली माणसं गोळा केली. ट्रंपेटवाला गवंडीकाम करत होता, ढोलवाला बकऱ्या चारत होता. ते सगळे सुटीच्या दिवशी जायचे. नवरा घरी आला की जेवताना बोलायचा. इतकं बोललेलं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. एकदा त्यानं मोबाइलची तार माझ्या कानात घातली. गिटार मला कळली नाही, पण तिच्या खाली वडिलांची चाल होती. मी चुलीकडे तोंड करून ऐकली.

मग पोस्टर मोबाइलवर फिरलं, त्यावर तेच जुनं नाव. दुसऱ्या दिवशी भाऊ दारात.

भाऊ वाईट बोलला नाही, हे मला लिहायचं आहे. तो म्हणाला की चाली बाबांच्या आहेत, खुशाल वाजवा, पण नाव आमच्या घरचं आहे. डीजेवर बंदी येऊन राहिली आहे, त्यालाही पार्टी परत काढायची होती. नवऱ्यानं पंगतीतली गोष्ट काढली.

भाऊ हसला. "रुसव्यातलं बोलणं कोणी धरते काय, दाजी? माह्या बापानं चंद्र कबूल केला असता तं तोई नेला असता काय?"

"चंद्र मी मांगतला नाही, साळेबुवा. अन् बाबानं घड्याळ देल्लं असतं तं तुमी आज वापस मांगाले आले असते काय?"

 मग दोघं आठवू लागले, त्या पंगतीला कोण कोण होतं. बरीच माणसं आता नाहीत. ढोलवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, मी तेव्हा बाहेर ढोल वाजवत होतो. राहिले मी.

भाऊ म्हणाला, "बाई सांगन ते मी मानतो."

नवरा म्हणाला, "हाव. सांग वं."

दोघं माझ्याकडे पाहू लागले. नाव जिचं होतं तिलाच ते साक्षीला बोलावत होते, पण हे त्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. मी दिलं म्हटलं तर माझं माहेर जाणार होतं. चेष्टा म्हटली तर नवऱ्याचा अल्बम जाणार होता, आणि पेटी परत खुंटीला. मी हातातला चहा भावापुढे ठेवला. मग जे झालं होतं तेच सांगितलं.

"बाबानं देल्लं. पण हासून देल्लं."

भाऊ उठला. "देल्लं म्हणते," एवढंच बोलला आणि चपला घातल्या. चहा तसाच राहिला. तो फाट्याकडे वळला तेव्हा नवरा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हासून काऊन म्हटलं वं तू?"

मी काही खोटं बोलले नव्हते. तरी दोघांनी त्यातलं आपल्याला बोचणारंच उचललं.

भावानं स्टुडिओवाल्याला पोलिसांत जाण्याची धमकी दिली. तो घाबरला, पोस्टर काढून टाकलं. ढोल भावाच्या घरी होता, म्हणून ढोलवाला तिकडे गेला. नवऱ्यानं गाणी दुसऱ्याच नावानं यूट्यूबवर टाकली. थोड्याच लोकांनी ऐकली. खाली कोणीतरी लिहिलं की ह्या त्या जुन्या पार्टीच्या चाली चोरलेल्या आहेत. आमच्या मुलीनं ते वाचून दाखवलं. नवऱ्यानं परत वाचायला लावलं. उत्तर काय लिहू, असं मुलीनं विचारलं तर म्हणाला, राहू दे.

भावानं ढोल नवीन रंगवला. पण त्याच्याकडे क्लॅरनेटवाला नाही, चाली कोणाला येत नाहीत. ते सिनेमाची गाणी वाजवतात. त्याला लग्नाच्या सुपाऱ्याही फार मिळत नाहीत, असं ऐकलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. न्यायला भाऊ येतो. आल्याशिवाय कोणी आपल्या पायानं जात नाही. दरवर्षी तो आदल्या दिवशी यायचा, भाजीची पिशवी घेऊन. ह्या वर्षी मी साडी काढून ठेवली नाही. नवरा म्हणाला, "जा ना, म्या कुठं अडवलं?" त्याला माहीत होतं मी जाणार नाही.

आईचा फोन आला. आवाज लहान करून बोलत होती, म्हणजे भाऊ घरात असावा. म्हणाली, येऊन जाय. मी म्हटलं, कोणी घ्यायला आलं तर येते.  मग तिनं पुरण शिजलं का, असं विचारलं. मी हो म्हटलं.