माझा खुबा, वहिनींचा खुबा

पहिले काही महिने मला वाटत होतं की दुखणं जांघेतलं आहे. बत्तीस वर्षं उभं राहून भूगोल शिकवला होता, तेव्हा म्हातारपणी गुडघे दुखणार अशी मनाची तयारी होती. पण गुडघे ठणठणीत होते. दुखायचं ते उजव्या मांडीच्या मुळाशी, खोल आत, हात लावून दाखवता येणार नाही अशा ठिकाणी. आमचं घर रत्नागिरीत असलं तरी रस्त्याला लागून नाही. रस्त्यापासून वर घरापर्यंत चिऱ्याची पाखाडी आहे, एक्केचाळीस पायऱ्यांची. निवृत्त झाल्यावरही भाजीची पिशवी घेऊन मी त्या न थांबता चढायचे. मग मध्ये एकदा थांबायला लागले, मग दोनदा. आणि एका सकाळी वरच्या पायरीवर उभी राहून खाली बघत राहिले. उतरायचं धाडसच होईना. तशीच घरात परत आले.

हे सांगण्यासारखं माणूस घरात एकच होतं, आणि ते दोन वर्षं खाटेवर होतं.

ती माझी थोरली जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणायचे. दोघींचेही नवरे गेलेले. माझा मुलगा मुंबईला, त्यांची मुलगी खेडला. एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघीच राहायचो. आमचं फार गूळपीठ होतं असं नाही. मी नोकरी करणारी, त्या घर सांभाळणाऱ्या, आणि कोणाचं काम मोठं यावरून आमच्यात पंचवीस वर्षं एक न बोललेलं भांडण चालू होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या न्हाणीत घसरल्या आणि त्यांचा डावा खुबा मोडला.

तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. ऑपरेशन केलं तर उठून बसतील, नशीब असेल तर वॉकर घेऊन चालतीलही. पण वय सत्त्याहत्तर, हृदय कमकुवत, टेबलावर काहीही होऊ शकतं. त्यांची मुलगी, माझी पुतणी, रडत होती. जावई म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्यांच्याजवळ राहणारी मीच. मी म्हटलं, "या वयात कशाला चिरफाड? घरी नेऊ. मी आहे ना." तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं, थोडंफार मोठेपणाचंही. वहिनी शेजारच्याच खोलीत होत्या. मधलं दार उघडं होतं.

माझा एक्स-रे काढला तेव्हा सर्जन कोल्हापूरहून आलेले होते. ते महिन्यातून दोनदा रत्नागिरीत येतात. त्यांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. डाव्या खुब्याचा गोळा वाटीत नीट बसलेला दिसत होता आणि मध्ये एक काळी फट होती. उजव्या बाजूला ती फटच नव्हती. हाड हाडाला टेकलं होतं.

"बदलावा लागेल सांधा," ते म्हणाले. "पण लगेच नाही. हिमोग्लोबिन कमी आहे, वजन जास्त आहे, मांडीत ताकद नाही. तीन महिने घ्या. व्यायाम करा. आणि दुखतं म्हणून चालणं सोडू नका. टेबलावर येताना तुमचे स्नायू जितके दणकट, तितक्या लवकर उठाल."

मी घरी येऊन वहिनींना सांगितलं. त्या छताकडे बघत ऐकत होत्या. "बदलतात होय हल्ली?" एवढंच म्हणाल्या.

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायच्या. चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. जमिनीवर बसणं मला बंद झालं होतं, तेव्हा व्यायाम पलंगावरच करायचा होता, आणि पाय पसरता येईल असा रुंद पलंग वहिनींच्या खोलीत होता, त्यांच्या खाटेसमोर. त्यामुळे दिवसातून दोनदा मी त्यांच्यासमोर आडवी पडायचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. टाच घासत जवळ आणायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा आणि पाच आकडे धरून ठेवायचा. पहिल्या आठवड्यात पाय उचलला की डोळ्यांतून पाणी यायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी अकरावर थांबले तेव्हा समोरून आवाज आला, "बारा राहिला गो."

मला वाटलं होतं त्या झोपल्यात.

तेव्हापासून त्या मोजायला लागल्या. मोजायच्या अगदी सावकाश, मुद्दाम. मी घाई केली तर आकडा पुढे सरकायचाच नाही. "पाय पडतोय तुझा. हा धरत नाही मी." मी म्हणायचे, "वहिनी, तुम्ही शाळेत असता तर पोरं पळून गेली असती." त्या हसायच्या नाहीत, पण संध्याकाळी चार वाजले की मला हाक मारायच्या. दिवसभरात त्यांना दुसरं काम नव्हतं. मला त्या वेळची ओढ वाटायला लागली हे खरं आहे. आमच्या सगळ्या आयुष्यात इतका वेळ आम्ही एकमेकींबरोबर घालवला नव्हता.

पण तेच शरीर घेऊन त्यांचंही करायचं होतं. सकाळी एक बाई येऊन अंघोळ घालून जायची, बाकी सगळं माझ्याकडे. दर दोन-तीन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, काढायचं, चादर बदलायची. खाटेवर वाकून त्यांच्या पाठीखाली हात घातला की उजव्या खुब्यात कोणी पेचकस फिरवावा तसं व्हायचं. फिजिओ बाई म्हणाल्या, "हे तुम्ही करायचं नाही." मी विचारलं, "मग कोणी करायचं?" त्यांनी माझ्या नव्या काठीची उंची तपासली आणि विषय बदलला. काठी डाव्या हातात धरायची असते, दुखऱ्या बाजूला नाही, हे मला त्यांनीच शिकवलं.

चालायला मी आठवड्यातून तीनदा भाट्याच्या किनाऱ्यावर जायचे. पाखाडी बसत-उठत उतरायची, खाली रिक्षा. ओहोटीच्या वेळी तिथली ओली वाळू घट्ट आणि सपाट असते. भरती-ओहोटी मी मुलांना बत्तीस वर्षं शिकवली, पण ओहोटीच्या वेळा बघून घराबाहेर पडायची पाळी आता आली. पहिल्या महिन्यात तीनशे पावलं चालायचे, दुसऱ्यात सातशेपर्यंत गेले. मग सुरूच्या झाडांखाली बसून राहायचे, कारण परत जायचं म्हणजे पाखाडी चढायची होती. एकदा वहिनींना मांदेली खावीशी वाटली म्हणून तशीच पुढे मिरकरवाड्याला गेले. बंदरावर बर्फाचं पाणी वाहत होतं, माशांच्या खवल्यांनी जमीन बुळबुळीत झालेली. दहा पावलं गेले आणि काठी घसरली. पडले नाही, एका कोळणीने दंड धरला. पण पुढे जाता येईना, मागेही फिरता येईना. तिने मला पालथ्या क्रेटवर बसवलं, स्वतःच मांदेली आणून दिली. "तुम्ही कशाला येताव?" ती म्हणाली. "घरी कोण नाय काय?" मी म्हटलं, आहे. खोटं नव्हतं.

तीन महिन्यांनी वजन सहा किलो उतरलं होतं, हिमोग्लोबिन चढलं होतं. सर्जननी पाय दाबून, उचलून बघितला आणि तारीख दिली. मग वहिनींचा प्रश्न आला. ऑपरेशननंतर दोन महिने मला वाकायचं नव्हतं, उचलायचं तर अजिबात नाही. पुतणीला फोन केला. ती म्हणाली, "काकी, मी आणते तिला." खेडला तिचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही, दोघंही नोकरी करणारे. तरी ती आणते म्हणाली, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

वहिनींना मी दुपारी सांगितलं, व्यायामाच्या आधी. "दोनच महिने, वहिनी. मग मी तुम्हाला परत आणते. तोवर मी धडधाकट झालेली असेन."

मी टॉवेल गुंडाळला, आडवी झाले. मग त्या म्हणाल्या, "माझ्या वेळेला कोणी मला विचारलं नाही गो."

"काय, वहिनी?"

"मला चालायचं होतं."

मोडलेल्या हाडाची गोष्ट वेगळी असते, तुमचं हृदय कमकुवत होतं, डॉक्टरांनीच धोका सांगितला होता, असं पुष्कळ काही सांगण्यासारखं होतं. त्यातलं सगळं खरंही होतं. पण निर्णय त्यांच्याबद्दल झाला आणि त्यांना वगळून झाला, आणि तो माझ्या तोंडून झाला. मी पलंगावर तशीच पडून राहिले.

"पाय उचल," त्या म्हणाल्या. "एक."

त्यांना न्यायला रुग्णवाहिका खाली रस्त्यावर थांबली. चार माणसांनी त्यांना स्ट्रेचरवर बांधून पाखाडीवरून खाली नेलं. मला बरोबर उतरता आलं नाही, मी वरच उभी राहिले. त्यांनी एक हात चादरीबाहेर काढून स्ट्रेचरची कड धरली होती. पडण्याची भीती वाटत असावी. मी वरून "सावकाश न्या" म्हणत राहिले.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी सांगितली. नेहमीचीच, सगळ्यांना करतात म्हणाले. तिच्यात त्यांना काहीतरी आवडलं नाही. मुलगा मुंबईहून आला, मला कोल्हापूरला घेऊन गेला. तिथे अँजिओग्राफी झाली, आणि तिथल्या तिथे दोन ठिकाणी स्टेंट घातले. मला छातीत कधी दुखलं नव्हतं. कदाचित खुब्याच्या दुखण्यात मला दुसरं काही ऐकूच आलं नसेल.

हृदयाचे डॉक्टर समजूतदार होते. मी म्हटलं, "माझी खुब्याची तारीख पुढच्या आठवड्यात आहे."

"ती आता नाही होणार," ते म्हणाले. "रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू केल्यात. त्या मध्येच बंद करता येत नाहीत. वर्षभर तरी थांबा, मग बघू."

"आणि तोपर्यंत?"

"चालत्या राहा. जमेल तेवढं."

मुलगा म्हणाला, वेळेवर कळलं हे किती बरं झालं. मी हो म्हटलं. रत्नागिरीला परतताना घाटात मला सारखं एकच सुचत होतं, की वहिनींना मी उगाच घालवलं.

घरी आल्यावर मी पुतणीला फोन केला. म्हटलं, "आईला परत आणून सोड. माझं ऑपरेशन होत नाही." ती म्हणाली, "काकी, आता तुझं तुलाच होत नाही. तू तिचं कसं करणार?" मग म्हणाली, "तिची पाठ सोलवटलीय. दुपारी आम्ही कोणी नसतो. बाई ठेवलीय, पण ती वळवत नाही बहुतेक." तिचा आवाज थकलेला होता. तिला मी दोष देऊ शकत नव्हते. दोन वर्षांत वहिनींच्या पाठीला एक ओरखडा येऊ दिला नव्हता मी, हेही तिला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं?

महिन्याने गाडी ठरवून खेडला गेले. दुसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना मी बसून चढले, पाठमोरी, एकेक पायरी मागे सरकत. शेजारच्या बाई दार उघडून बघत होत्या. त्यांनी पाणी आणून दिलं.

वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. खोलीत औषधी पावडरीचा आणि त्याखाली दुसरा एक वास होता. पुतणीने मला त्यांची पाठ दाखवली नाही आणि मीही दाखव म्हटलं नाही. मी खुर्ची त्यांच्या तोंडासमोर ओढून बसले. ओळखायला त्यांना वेळ लागला.

"झालं ऑपरेशन?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून."

"व्यायाम करतेस?"

"करते."

मी करत नव्हते. स्टेंट घातल्यापासून एकदाही केला नव्हता. तो समोरचा पलंग तसाच होता, चादर घातलेला, पण त्या खोलीत जाऊन आडवं व्हायला मला जमत नव्हतं. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग काठीकडे. मी त्यांना मऊभात भरवायचा प्रयत्न केला. दोन घास घेतले आणि तोंड मिटलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी फोन आला, वहिनी गेल्याचा. ऊन फार होतं, थांबता येणार नाही म्हणाले, जगबुडी नदीच्या काठावर नेणार होते. मी पाखाडी उतरले, गाडी मिळवली, खेडला पोचले तेव्हा दुपार झाली होती. माणसं परत येऊन पायांवर पाणी घेत होती. मी पुन्हा तो जिना चढायला घेतला, आणि पहिल्या मजल्यावर बसूनच राहिले. शेवटी पुतणीच खाली आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, एवढं आठवतं.

ही गोष्ट होऊन आता सात महिने झाले. फिजिओ बाई अजून येतात, पंधरवड्याने एकदा. मी त्यांच्यासमोर व्यायाम करते. त्या गेल्यावर करते असं नाही. तीन महिन्यांत कमावलेलं सगळं गेलं. वजन परत आलं, मांडी सुटली. भाट्याला जाणं बंद आहे. घराच्या मागीलदारी विहिरीपर्यंत जाते, परत येते. सर्जननी नवीन एक्स-रे बघितला. म्हणाले, गोळा आणखी झिजलाय, वर्षभराने करायचं झालं तर ते सोपं राहणार नाही. करायचं झालं तर, असं म्हणाले.

उजवा पाय आता आखूड झाला आहे. चालताना मी त्या बाजूला बुडते. गेल्या आठवड्यात बाजारात चांभाराकडे गेले आणि उजव्या चपलेला जादा तळ लावायला सांगितला. त्याने मला दोन पावलं चालायला लावलं, मग विचारलं, "किती वाढवू, बाई?"

मी म्हटलं, बोटभर.

"पुढे आणखी लागलं तर याच चपलेला लावता येईल असं करतो," तो म्हणाला. मी म्हटलं, कर. त्याच्यासमोरच्या लाकडी पेटीवर बसले, आणि तो तळ कापायला लागला.