सतरंजीला शिवलेली गोधडी

गेल्या महिन्यात एका दुपारी, केदारखेड्यातल्या आमच्या घरात, मी एक गोधडी थेट सतरंजीला शिवून टाकली. एकदोन टाके नाही… चारी बाजूंनी तीन फेरे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मला गोधड्या शिवायचा नाद आहे. जालन्याला बीएस्सी सेकंड इयरला होतो, एका सरांशी वाजलं, बॅग उचलून घरी आलो तो आलोच. रिकामा बसलो होतो म्हणून आईची एक फाटकी गोधडी सांधली, आणि डोकं जरा शांत झालं. मित्र चिडवतात… चिडवू द्या.

पलंगाखाली गव्हाच्या गोण्या भरून कापड साठलंय. टेलरकडचे तुकडे, पडद्याच्या दुकानातल्या जुन्या सॅम्पलच्या पट्ट्या, मावशीनं न शिवलेले ब्लाउजपीस. आई म्हणते, "घरात माणसाला जागा न्हाई अन् चिंध्यांचं गोदाम झालं."

पूर्ण झालेली मात्र एकही नव्हती. यूट्यूबवर बघून चांदणीची नक्षी सुरू केली, अर्धी चांदणी झाली आणि निळं कापड संपलं. दुसरीचा लाल रंग धुताना असा सुटला की पप्पांचा पांढरा शर्ट गुलाबी झाला. पप्पा तोच घालून सोसायटीच्या मीटिंगला गेले… त्या विषयावर आम्ही अजून बोलत नाही.

तर, शेजारच्या काकू आल्या. हातात त्यांच्या जुन्या साड्यांचं गाठोडं. आमच्याकडे बाया नेसलेली साडी सहसा परक्याच्या हातात देत नाहीत, घरच्याच माणसाला देतात. त्यामुळे मी आतून जाम खूश झालो…

कारण काकूंची मुलगी मला आवडते. दहावीपासून. तिला इथं प्रतीक्षा म्हणतो, खरं नाव वेगळं आहे… गावातल्यांनी कमेंटमध्ये हुशारी करू नये.

काकूंचं पूर्ण ऐकायच्या आधीच मी हो म्हणून बसलो. मग त्या म्हणाल्या, "जल्दी कर बरं बाबा. आमच्या प्रतीक्षाचं जमलं. रुखवतात ठेवायची हाय, अन् मंग सासरी संगं नेईन ती."

काकू गेल्यावर मी गाठोड्याला एक लाथ घातली. मग परत उचलून ठेवलं. साड्यांनी काय केलं होतं…

दुसऱ्या दिवशी सतरंजी अंथरली, वर साड्यांचे थर लावले, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि बसलो. शिवताना एक हात थराखाली घालायचा असतो, म्हणजे सुई किती खोल गेली ते बोटांना कळतं. मी हात घातला नाही. डोक्यात दुसरंच चालू होतं… तो कोण, काय करतो, कसा दिसतो. दोरा ओढून ओढून टाके घातले.

घडी घालायला गोधडी उचलली, तर सतरंजीही उठून आली. मी हातातली सुई फेकून दिली. सुई कुठे पडली ते दिसेना, म्हणून आईनं मला आणि नुकत्याच बाहेरून आलेल्या पप्पांना होतो तिथंच उभं केलं आणि स्वतः वाकून शोधायला लागली. नेमकी तेव्हाच प्रतीक्षा दारात… काठासाठी एक हिरवी साडी घेऊन.

"काय करून राह्यले सगळे? राष्ट्रगीत चालू हाय का?"

मग तिनं गोधडी पाहिली, तिला लटकलेली सतरंजी पाहिली, आणि चौकटीला धरून हसली. "सतरंजी बी देतो का रे रुखवतात?" मला राग आला. हसूही आलं, हे वाईट.

सुई पप्पांच्या चपलेत सापडली. आई चहा ठेवायला आत गेली, पप्पा बाहेर. प्रतीक्षा ब्लेड घेऊन एका टोकाला उसवायला बसली, मी दुसऱ्या.

"किती घट्ट टाके हायेत! पोतं शिवलं का? मला पांघरायची हाय ना ही."

माझं डोकं सटकलं. म्हणालो, "लग्न ठरवायच्या आधी मला विचारायचं तरी."

बोलून गेलो… तिचा हात थांबला. मान वर न करता ती म्हणाली, "तू कधी विचारलं का?"

मी पुढचा टाका कापला. आई चहा घेऊन आली. चहा झाल्यावरही आम्ही उसवत राहिलो, अंधार पडेपर्यंत.

नंतर परत शिवली. खाली हात घालून, दोरा न ओढता. हिरवा काठ लावला. काकूंना नेऊन दिली तेव्हा प्रतीक्षा घरात नव्हती, बस्त्याला गेली होती.

लग्नात रुखवत मांडलं होतं. त्यातलं सगळं नवरीनंच केलंय असं सांगायची पद्धत असते, कोणी खरं धरत नाही. प्रतीक्षाची मामी नवऱ्याकडच्या बायांना एकेक वस्तू दाखवत होती. "ही गोधडी बी आमच्या पोरीनं सोताच्या हातानं शिवली."

मी बाजूलाच खुर्च्या लावत होतो. प्रतीक्षा नवरीच्या साडीत तिथंच उभी होती.

म्हणाली, "न्हाई मामी. सुमितनं शिवली. मी नुसती उसवली."

बाया हसल्या. मामीचा चेहरा पडला. नवऱ्याच्या आईंनी गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "टाका बराबर हाय पोराचा."

मी खुर्च्या लावत राहिलो. भरल्या मांडवात तिनं खरं सांगायची काही गरज नव्हती, कोणी विचारलंही नव्हतं… तरी तिनं सांगितलं. तिच्यावर रागवायला माझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही. थँक्स तोंडावर म्हणता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.