शिवणीतली करडी भुकटी

धाराशिवला बार्शी रस्त्यावर शरणबसप्पांचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. बाहेरून धुणारे चौघं, पण गाडीच्या आतलं काम एकट्या रोहिणीचं. ती जवळच्या बेंबळी गावची. लेदरच्या सीटला पाणी किती लावायचं, लाकडी पट्टीवर फवारा थेट न मारता आधी फडक्यावर घ्यायचा, हे तिला कुणी शिकवलं नाही. एक पट्टी पांढरी पडली, तेव्हा ती शिकली.

त्याआधी चार वर्षं ती तेरखेड्याकडं एका फटाक्याच्या कारखान्यात होती. एका दुपारी ती पाणी प्यायला बाहेर आली आणि मागं खोली उडाली. आत नागम्मा होती, रोज तिच्यासोबत भाकरी खाणारी. रोहिणी पुन्हा तिकडं गेली नाही. अजून कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या काळजात धस्स होतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर अमरनाथ नावाचे व्यापारी मोठी गाडी घेऊन आले. आत तपकिरी लेदर, दारांना लाकडाच्या पट्ट्या. "पाहुणे यायलेत. आतून चकाचक करा," म्हणून ते खुर्ची टाकून बसले.

रोहिणीनं मागचं दार उघडलं, व्हॅक्यूमची नळी सीटवर टेकवली. बटण दाबणार तोच तिला वास आला. गंधकाचा. ती वाकली. सीटच्या शिवणीत करडी, चमकती भुकटी बसली होती. लाकडी पट्टीच्या कडेलाही तीच.

"काय झालं गं?" शरणबसप्पांनी विचारलं.

नळी हळूच खाली ठेवून ती भिंतीपाशी गेली आणि प्लग उपसला.

"अण्णा, गाडीत दारू हाय."

"मग बाटली ठेव की बाजूला."

"ती न्हाय, अण्णा. फटाक्याची. मशीनच्या ठिणगीनं पेटंल."

अमरनाथ हसले. "महिन्यामागं एक पोतं आणलं होतं, जरा फाटलं. आता काय राहिलंय त्यात? लावा मशीन." बोलता बोलता त्यांनी खिशातून सिगारेट काढली.

"पेटवू नका!" रोहिणी किंचाळली. "लांब व्हा आधी!"

गिऱ्हाइकावर ती कधी ओरडली नव्हती. अमरनाथ चिडून उठले. "राहू द्या मग. घरी झाडून घेतो."

"मागं कोण बसतं, साहेब?"

"नात. गायत्री."

रोहिणीनं डोळे मिटले. गाडी जाऊ द्यावी, आपण सुटावं, असं तिला फार वाटलं. मग ती म्हणाली, "अण्णा, बादल्या भरून द्या. अन् सगळ्यांला लांब न्या."

अंगातल्या विजेची ठिणगी उडू नये म्हणून तिनं हातपाय ओले केले, सुती फडकी पिळून घेतली. घासलं तर पेटतं, म्हणून घासायचं नाही, नुसतं टेकवून उचलायचं. प्रत्येक फडकं बादलीत बुडवायचं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. मध्येच पलीकडं कुणीतरी जीपचं दार धाडकन लावलं. रोहिणी उडी मारून बाहेर आली आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसली. दहा मिनिटं तिला उठता आलं नाही.

"बास कर, पोरी," लांबून शरणबसप्पा म्हणाले.

"अर्धं ठेवून भागत न्हाय, अण्णा."

ती परत आत गेली. दोन तासांनी फडकं स्वच्छ निघायला लागलं. मग तिनं लेदर कोरडं पुसलं, सावलीत वाळू दिलं, बोटांनी क्रीम जिरवलं. लाकडी पट्ट्या पुसल्या, तेव्हा त्यांच्यावरच्या रेषा उजळून आल्या.

अमरनाथ बादल्यांपाशी उभे राहिले. तळाला करडा गाळ साचला होता. "त्या दिवशी पोतं आणताना गायत्री मागंच बसली होती," ते हळू आवाजात म्हणाले. रोहिणीनं फडकी पुन्हा पाण्यात दाबली.

तीन दिवस ती कामावर आली नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा एक गाडी उभीच होती. तिनं चारही दारं उघडली, पण आत जायला पाय उचलेना. शरणबसप्पांनी घाई केली नाही. गिऱ्हाइकाला घेऊन ते चहाला गेले.